आपली सोसायटी (ए व बी विंग): बीच्या पाण्याचं काय?

शनिवार, ५ जुलै २०२५, पुणे

बी-२०३ (सकाळी ७.१२): कुणाकडे ओआरएसची पाकिटं आहेत का? धाकट्याला रात्री दोनपासून जुलाब चालू आहेत. मेडिकल दहाशिवाय उघडत नाही.

बी-४०१ काकू: दोन आहेत, ये घेऊन जा. आमचे हेसुद्धा कालपासून बाथरूमच्या फेऱ्या मारतायत. मला वाटलं परवाच्या भेळेचं असेल.

ए-१०५: पावसाळ्यात बाहेरचं खाऊ नका म्हणून दरवर्षी घसा कोरडा करतो मी.

बी-२०३: काका, आठवडाभर वरणभातच खातोय आम्ही.

बी-६०२: आमच्याकडे दोघं. उलट्या पण.

सेक्रेटरी: लगेच पाण्यावर येऊ नका प्लीज. आत्ताच मीटर लावून बघितला, टीडीएस १३० आहे. पाणी उत्तम.

ए-३०१ आजोबा: सेक्रेटरीसाहेब, टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. जंतू त्यात मोजले जात नाहीत. थोडंसं गटार मिसळलं तरी तुमचा मीटर १३०च दाखवेल. जिल्हा परिषदेत आरोग्य सहायक होतो, गावोगावच्या विहिरींत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकत नोकरी संपली. खिशात टीडीएस मीटर कधी नव्हता, ओटीची बाटली असायची; पाण्यात क्लोरिन असलं की ओटी टाकल्यावर ते पिवळं होतं. परवाच वारीच्या ड्युटीवरच्या एका पोराकडून नवीन आणलीय. अकराला पंपरूमपाशी या. तोवर ज्यांच्याकडे कुणी आजारी आहे त्यांनी नुसता फ्लॅट नंबर टाका. काय खाल्लं ते नको.

बी-१०१: बी-१०१, एक जण.

बी-५०४ ताई: बी-५०४. मी स्वतःच.

बी-३०२: बी-३०२, सासूबाई.

ए-१०५: एमधलं एकही नाही?

बी-६०२: पण आमच्याकडे आरओ आहे हो, एवढा महागाचा!

बी-५०४ ताई: चूळ कशाने भरता? कोथिंबीर कशात धुता? आमच्याकडेही आरओच आहे, म्हणून विचारतेय.

बी-५०४ ताई: आणि वॉचमनदादांना कुणी विचारलं का? ते ग्रुपवर नाहीत. मी आत्ता जाऊन आले. त्यांच्या मुलीला बुधवारपासून होतंय, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या आधी. त्यांचा नळ थेट बीच्या खालच्या टाकीवर आहे. फिल्टर नाही, काही नाही.

ए-३०१ आजोबा: पोरीला आधी जलसंजीवनी. पाकीट नसेल तर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. घोटघोट, दर जुलाबानंतर. ओठ सुकले, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा नुसती पडून राहायला लागली, तर दवाखान्यात न्यायचं, संध्याकाळची वाट बघायची नाही. जुलाब बंद करायच्या गोळ्या लहान मुलांना अजिबात नको. झिंकच्या गोळ्या डॉक्टर देतील, त्या १४ दिवस पूर्ण करा.

बी-५०४ ताई: तिला घेऊन मीच निघालेय. गाडी काढलीय.

ए-३०१ आजोबा (सकाळी ११.४०): तीन ठिकाणचं पाणी घेतलं. बाहेरची लाइन आत येते तिथं मीटरपाशी: चांगला पिवळा. एची खालची टाकी: फिका पिवळा. बीची खालची टाकी: रंगच नाही. लाइन एक, पाणी एक. म्हणजे क्लोरिन गेटापर्यंत येतंय आणि बीच्या टाकीत कशावर तरी खर्च होऊन जातंय. घाण असली की ते आधी तिथंच संपतं. (ओटी टाकलेलं पाणी मी मोरीत ओतलंय. कुणी चव बघायला जाऊ नका.)

सेक्रेटरी (दुपारी १२.२५): झाकण काढून बॅटरी मारली. पार्किंगकडच्या भिंतीला आडवा तडा आहे, त्याखाली काळपट ओघळ. पलीकडे चार फुटांवर ड्रेनेजचं चेंबर, तुंबून काठोकाठ भरलेलं. पहाटे टाकी तळाला जाते, तेव्हा चेंबरमधलं आत झिरपत असणार. बीचा पंप बंद केलाय. रजिस्टर बघितलं, टाकी शेवटची धुतली मार्च २०२४ला. सही माझीच आहे. सॉरी.

ए-१०५: बीवाल्यांनी पिण्याचं आमच्याकडून न्या. कळश्या पाठवा, लाजू नका.

बी-४०१ काकू: आजोबा, हे जीबीएसचं, त्या हातपाय लुळे पडायच्या आजाराचं, तर नाही ना? जानेवारीत आपल्या पुण्यातल्याच किरकटवाडी, नांदेड गावात केवढं झालं होतं. माझी वहिनी राहते तिकडे, महिनाभर झोप नव्हती तिला.

ए-३०१ आजोबा: तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जुलाबाचा जंतू सापडला होता, म्हणून पाण्याकडे बोट गेलं. पण जुलाब झालेल्यांपैकी फार म्हणजे फार थोड्यांना तो त्रास होतो. फक्त पुढचे काही आठवडे लक्ष असू द्या. पायांत मुंग्या, जिना चढवेना, हातातला कप धरवेना, असं काही वाटलं तर थेट हॉस्पिटल.

ए-३०१ आजोबा: मला काळजी काविळीची जास्त आहे. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेतून पाणी उचलायच्या जागी नाल्याचं पाणी शिरलं, सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ई होती हे कित्येक वर्षांनी कळलं. ती लगेच दिसत नाही, दोन ते आठ आठवडे घेते. शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईला तर जिवावरची.

बी-६०१: आमच्या सूनबाईला सातवा चालू आहे.

ए-३०१ आजोबा: आजच डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि आता टाकीतल्या पाण्याने दातसुद्धा घासायचे नाहीत. उकळलेलंच प्यायचं, खळखळून उकळी आली की पुढे एक मिनिट. भांडं झाकून, ओगराळ्याने काढायचं.

बी-१०१: तुरटी फिरवली तर नाही का चालणार?

ए-३०१ आजोबा: गाळ खाली बसतो. जंतू मरत नाहीत.

सेक्रेटरी: चेंबर उपसायला आणि तडा भरायला माणसं तीनला येतायत. पालिकेच्या आरोग्य निरीक्षकांना फोन केलाय, ते बीच्या टाकीचा नमुना नेणार आहेत. टीसीएल किती टाकू? पंपरूममध्ये अर्धी गोणी आहे.

ए-३०१ आजोबा: नमुना नेल्याशिवाय टाकी उपसू नका. आणि ती गोणी फेका. तोंड उघडं टाकून दोन वर्षं झाली, तिच्यात चुन्याशिवाय काही उरलेलं नाही. ताजी आणा. तडा भरून वाळला की टाकी घासून धुवा, ते पाणी सोडून द्या. वरच्या टाकीचंही तसंच. मग हजार लिटरला पाच ग्रॅम. खालची वीस हजारांची, म्हणजे शंभर ग्रॅम. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ तेवढी ओतायची. अर्धा तास थांबून मी परत ओटी बघणार. घरातल्या नळाला पिवळा रंग आला तरच पाणी सुरू.

बी-५०४ ताई (दुपारी २.५०): मुलीला सलाइन लावलंय. डॉक्टर म्हणतात, वेळेत आणलंत. आत्ता बिस्किट मागतेय.

बी-४०१ काकू: देव पावला. आजोबा, एक विचारू? उद्याच्या एकादशीचा साबुदाणा सकाळीच भिजत घातलाय. टाकीच्या पाण्यात. दोन किलो.

ए-३०१ आजोबा: तुमच्या घरात आधीच एक आजारी. त्यातून दिवसभर भिजलेला. टाका.

बी-४०१ काकू: दोन किलो हो!

ए-१०५: काकू, माझ्याकडे किलोभर कोरडा आहे. कळशीबरोबर वर पाठवतो.

बी-४०१ काकू: आणि काकडीची कोशिंबीर?

ए-३०१ आजोबा: यंदा विठोबालाही उकडलेलं रताळंच.