सॅच्युरेशन जवळजवळ सारखे, मग दोन रुग्णांबाबत निर्णय वेगळे का? श्वसनाच्या रुग्णाची तपासणी शिकण्याविषयी

प्रश्न: श्वसनोपचार_तिसरे_वर्ष

नमस्कार. मी श्वसनोपचार अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी असून सध्या छातीविकार विभागात माझे पोस्टिंग चालू आहे. पाहणे, चाचपणे, बोटांनी ठोकून पाहणे आणि स्टेथोस्कोपने ऐकणे हा क्रम मला पाठ आहे आणि क्रेप्स (श्वासाबरोबर येणारा चुरचुर आवाज) व ऱ्हॉन्काय (घरघर) यांतील फरकही आता ओळखता येतो. परंतु या सगळ्यातून रुग्णाच्या प्रकृतीविषयी एक ठाम मत कसे बनवायचे, हे अजून उमगत नाही.

परवाच्या राउंडमधील दोन रुग्णांचे उदाहरण देते. पहिल्या बाई साठी उलटलेल्या, आयुष्यभर चुलीवर स्वयंपाक केलेल्या आणि सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) रुग्ण. नाकातील नळीने चार लिटर ऑक्सिजन चालू होता, सॅच्युरेशन (रक्तातील ऑक्सिजनचे टक्क्यांतील प्रमाण) ९६ होते आणि त्या शांत पडून होत्या. दुसरा विशीतील दम्याचा रुग्ण. त्याचे पहाटेपासून अनेकदा नेब्युलायझेशन (औषधाचा बारीक फवारा श्वासातून देणे) झाले होते, मास्कने ऑक्सिजन चालू होता आणि सॅच्युरेशन ९५ होते. रात्रपाळीच्या नोंदीत 'दोन्ही बाजूंना मोठी घरघर' असे लिहिलेले होते, राउंडच्या वेळी मात्र ती फारच कमी ऐकू येत होती. विभागप्रमुखांनी बाईंचा ऑक्सिजन कमी करून लगेच एबीजी (धमनीतील रक्तातील वायूंची तपासणी) पाठवायला सांगितले आणि त्या मुलाला अतिदक्षता विभागात हलवले. दोन्ही निर्णय खाटेपाशी उभे राहून काही मिनिटांतच झाले. पुढच्या खाटेकडे जायची घाई असल्यामुळे कारण विचारता आले नाही.

सरांनी नेमके काय पाहिले असेल, आणि ते पाहायला शिकण्यासाठी रोजचा सराव कसा करावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर: अतिदक्षता_रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात श्वसनोपचारक म्हणून काम करतो, त्यामुळे आधी त्या मुलाविषयी लिहितो. घरघर ऐकू येण्यासाठी अरुंद झालेल्या श्वासनलिकांतून पुरेशा वेगाने हवा जावी लागते. त्यामुळे घरघर कमी झाली याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक तर नलिका मोकळ्या झाल्या, किंवा हवाच जाईनाशी झाली. दुसऱ्या अवस्थेत छाती जवळजवळ निःशब्द होते, आणि तीव्र दम्यात ती जिवावर बेतणारी खूण मानली जाते. यांपैकी कोणता अर्थ खरा, हे केवळ स्टेथोस्कोपवरून ठरत नाही, ते रुग्णाकडे पाहून ठरते. तो आरामात बोलत असेल, श्वासाची गती उतरली असेल आणि मानेचे स्नायू सैल असतील, तर शांत छाती ही सुधारणा आहे. तो पुढे वाकून हात गादीवर रोवून बसला असेल, कपाळावर घाम असेल आणि वाक्य पुरे करता येत नसेल, तर तीच शांत छाती धोक्याची आहे.

मी अशा रुग्णाला "काल रात्री काय जेवलात?" एवढेच विचारतो. "भाकरी, वांग्याची भाजी आणि थोडा भात" असे तो एका दमात म्हणाला, तर माझ्या हाती वेळ आहे. "भाकरी" म्हणून थांबला, श्वास घेतला, मग "भाजी" म्हणाला, तर मी उरलेली तपासणी करण्याआधी मदत बोलावतो. 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर भागेल असा प्रश्न येथे कामाचा नाही.

आता सरावाविषयी. खाटेच्या पायथ्याशी उभे राहून, रुग्णाशी काहीही बोलण्याआधी, त्याचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. आपण श्वास मोजत आहोत हे कळले की माणूस नकळत तो बदलतो, म्हणून नंतर मोजायची वेळ आली तर नाडी पाहत असल्यासारखी बोटे मनगटावर ठेवून मोजा. प्रौढांत विश्रांतीच्या अवस्थेत १२ ते २० ही गती सामान्य समजतात. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या 'न्यूज २' या, रुग्ण किती गंभीर आहे हे ठरवणाऱ्या गुणपद्धतीत २५ किंवा त्याहून अधिक गतीला ३ गुण, म्हणजे त्या रकान्यातील सर्वाधिक गुण दिले जातात, यावरून या आकड्याचे वजन लक्षात यावे. पुष्कळ वॉर्डांत पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत प्रत्येक केसपेपरवर श्वसनगती २० अशीच लिहिलेली आढळते, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण रुग्ण ढासळू लागला की बहुतेक वेळा सर्वांत आधी हाच आकडा वाढतो. ऑक्सिजन चालू असताना सॅच्युरेशन बऱ्याच उशिरापर्यंत चांगले दिसत राहते.

गतीबरोबर कष्ट पाहा. कॉलर बोनच्या वरचा खळगा आत ओढला जातो का, बरगड्यांमधील जागा आत जाते का, श्वास घेताना छाती वर येत असताना पोट आत तर जात नाही ना. हे शेवटचे लक्षण दिसले, तर श्वासपटल (छाती व पोट यांमधील श्वासाचा स्नायू) थकले आहे असे समजावे. त्या मुलाच्या एबीजीमध्ये कार्बन डायऑक्साइड ४० (मिमी पारा) आला असता, तरीही मी निश्चिंत झालो नसतो. झटक्याच्या सुरुवातीला जलद श्वासामुळे तो ३५च्या खाली असतो, आणि कष्ट तसेच असताना तो 'नॉर्मल' होणे म्हणजे रुग्ण दमत चालल्याची निशाणी आहे.

उत्तर: छातीविकार_अध्यापन

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मी पहिल्या बाईंविषयी लिहिते, कारण अशा रुग्णाकडे दुर्लक्ष होण्याचा संभव अधिक असतो. धापा टाकणाऱ्या रुग्णाकडे सगळे धावतात, पण शांत झोपलेल्या बाईंना "झोपू द्या, रात्रभर जागल्या आहेत" असे नातेवाईकही म्हणतात आणि आपलेही कर्मचारी म्हणतात.

सीओपीडीच्या ज्या रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असतो, त्यांचे सॅच्युरेशन ८८ ते ९२ या मर्यादेत ठेवावे असे मानले जाते. अशा रुग्णाचे ऑक्सिजनवर असताना ९६ होणे म्हणजे ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त जात आहे. फुप्फुसाच्या ज्या भागांत हवा नीट पोहोचत नाही, तेथील रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. जास्तीच्या ऑक्सिजनने त्या सैल होतात, रक्त तिकडे वळते आणि त्यातील कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू शकत नाही. शिवाय ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी धरून ठेवते, आणि काही प्रमाणात श्वासाची प्रेरणाही मंदावते. बोटाला लावून सॅच्युरेशन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरला यातले काहीच दिसत नाही, कारण तो कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही.

कार्बन डायऑक्साइड साठल्याच्या खुणा पाहण्यासाठी विभागप्रमुखांनी बहुधा बाईंना हाक मारली असेल आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहिले असेल. हात हातात घेतला असेल, तर तो उबदार आणि नाडी भरभरून उडणारी लागली असेल. दोन्ही हात पुढे करून मनगटे मागे वळवून धरायला सांगितली की पंजे फडफडतात का, हेही पाहता येते. सकाळी डोके दुखते का, दिवसा पेंग येते का, हे घरच्यांना विचारावे. एबीजीमध्ये पीएच (रक्ताची आम्लता दाखवणारा आकडा; तो उतरला की आम्लता वाढलेली) ७.३५च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड ४५च्या वर असेल, तर मास्कद्वारे व्हेंटिलेटरचा आधार देण्याचा विचार होतो. एक खबरदारी आवर्जून सांगते: ऑक्सिजन जास्त झाला म्हणून तो एकदम बंद करू नये. सॅच्युरेशन धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकते. टप्प्याटप्प्याने कमी करावा आणि खाटेपाशी थांबून पाहावे.

ओठ आणि जीभ निळी दिसत नाहीत म्हणून ऑक्सिजन पुरेसा आहे असेही समजू नका. निळेपणा डोळ्यांना दिसण्यासाठी रक्तात ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन सुमारे ५ ग्रॅम प्रति डेसिलिटर इतके असावे लागते. आपल्याकडे रक्तक्षय झालेल्या स्त्रिया पुष्कळ आहेत, आणि ज्यांचे एकूण हिमोग्लोबिनच सहा-सात आहे, त्यांच्यात ऑक्सिजन खूप उतरूनही निळेपणा दिसणार नाही.

बाईंनी आयुष्यभर चुलीवर स्वयंपाक केला, ही गोष्ट तुम्ही लक्षात ठेवलीत, हे मला फार आवडले. "विडी-सिगारेट ओढता का?" एवढे विचारून बायकांचा इतिहास संपवला जातो आणि पदराने डोळे पुसत काढलेली चुलीपुढची वर्षे कागदावर येतच नाहीत. कामाचा इतिहासही असाच खोलवर विचारावा. साखर कारखान्यात साठवलेल्या, बुरशी धरलेल्या बगॅसशी (उसाच्या चोथ्याशी) संबंध आला का, खडी क्रशरवर काम केले का, सूतगिरणीत होते का, घराच्या खिडकीशी कबुतरे असतात का, या प्रत्येक प्रश्नामागे फुप्फुसाचा एकेक वेगळा आजार आहे.

उत्तर: भौतिकोपचार_छाती

चाचपणे आणि ठोकणे आता कालबाह्य झाले आहे, एक्स-रे आणि सोनोग्राफी असताना त्यांची गरज नाही, असे विद्यार्थी अनेकदा म्हणतात. मला ते पटत नाही. उजव्या बाजूला खाली एअर एन्ट्री (हवा आत जाण्याचा आवाज) कमी आहे, एवढ्या नोंदीवर मला रुग्णावर उपचार करता येत नाहीत. तेथे छातीत पाणी असू शकते, कफ अडकून फुप्फुसाचा भाग मिटलेला असू शकतो, किंवा फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असू शकते. हवा साठली असेल, तर ठोकल्यावर आवाज पोकळ येतो. पाणी असेल, तर तो अगदी बद्द येतो आणि रुग्णाला "एक, दोन, तीन" म्हणायला लावले की त्याचा आवाज छातीवर क्षीण ऐकू येतो. न्यूमोनियाने फुप्फुस घट्ट झाले असेल, तर आवाज बद्दच, पण "एक, दोन, तीन" स्पष्ट ऐकू येते. पाणी साठलेल्या रुग्णाच्या पाठीवर कफ सुटावा म्हणून थापट्या मारत बसणे व्यर्थ आहे. मधले बोट स्वतःच्या मांडीवर ठेवून ठोका, मग उजव्या छातीवर वरून खाली यकृतापर्यंत ठोकत जा. आवाज कोठे बदलतो हे बोटाला कळू लागते.

ऐकताना रुग्णाला शक्य असेल तर बसवा, तोंड उघडे ठेवून जरा खोल श्वास घ्यायला सांगा आणि पाठीवर खालच्या भागापर्यंत जा. कापडावरून ऐकू नका, कारण कापड घासल्याचा आवाज क्रेप्ससारखाच येतो. स्त्री रुग्णांच्या बाबतीत संकोचापोटी ब्लाउजवरूनच स्टेथोस्कोप फिरवला जातो. त्याऐवजी पडदा ओढून, आधी समजावून सांगून आणि पदराचे आच्छादन राखून, एका वेळी लागेल तेवढाच भाग उघडा करावा. त्याला अर्धे मिनिट जास्त लागते. क्रेप्स ऐकू आले की रुग्णाला खोकायला सांगून त्याच जागी पुन्हा ऐका. खोकल्याने ते नाहीसे झाले किंवा जागा बदलली, तर तो नलिकेतील कफ होता. केसांची बट कानाजवळ बोटांत चोळल्यासारखे बारीक क्रेप्स दोन्ही बाजूंना तळाशी तसेच राहिले, तर फुप्फुस कडक होण्याच्या आजाराचा विचार डॉक्टरांच्या कानावर घालावा.

उत्तर: प्राथमिक_आरोग्य_केंद्र

मी ग्रामीण भागात वैद्यकीय अधिकारी आहे. श्वास मोजण्याच्या मुद्द्याला मुलांच्या बाबतीत थोडी जोड देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास हे जलद श्वसन समजतात. मूल आईच्या मांडीवर शांत असताना, पोटावरचा कपडा वर करून, पूर्ण मिनिटभर मोजावे. रडणाऱ्या मुलाचा आकडा धरू नये. दोन महिन्यांखालील बाळात गती जास्त आढळली, तर पुन्हा मोजावी.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या हाती हे मोजणे दिले, आणि ज्यांना आकडे लिहिता-वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मणी असलेले साधे साधन तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. अशा कार्यकर्त्यांनी न्यूमोनिया ओळखून औषध दिल्यामुळे बालमृत्यू घटले. तेव्हा मोजण्याला कमी लेखू नये, असे मला कळकळीने वाटते. "बाळाचं पोट उडतंय" असे आई म्हणाली, तर ते वाक्य तसेच्या तसे लिहून घ्या आणि छातीचा खालचा भाग श्वासाबरोबर आत खेचला जातो का, ते लगेच पाहा.

प्रश्नकर्ती: श्वसनोपचार_तिसरे_वर्ष

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी बाईंना पाहिले. ऑक्सिजन एक लिटरवर आहे, सॅच्युरेशन ९० आहे आणि त्यांनी मला स्वतःहून चहा मिळेल का असे विचारले. एक शंका उरली आहे. "कालपेक्षा बरा की वाईट?" या प्रश्नाला उत्तर देता यावे, यासाठी नोंद कशी ठेवावी?

उत्तर: अतिदक्षता_रात्रपाळी

बाईंनी चहा मागितला, हेही नोंदीत लिहा. काल हाकेला उशिरा उत्तर देणाऱ्या रुग्णाबाबत ती वैद्यकीय माहितीच आहे.

तुलना करता यावी म्हणून प्रत्येक वेळी स्थिती सारखी ठेवा. सॅच्युरेशनचा आकडा कधीही एकटा लिहू नका. किती लिटरवर, नळीने की मास्कने, बसून की झोपून, नेब्युलायझेशनच्या आधी की नंतर, हे त्याच ओळीत यायला हवे. दोन लिटरवर ९२ असलेला रुग्ण संध्याकाळी सहा लिटरवर ९४ झाला, तर तो बिघडला आहे, पण केवळ आकडे वाचणाऱ्याला तो सुधारलेला वाटेल. ऑक्सिमीटर लावताना बोटे थंड नाहीत, नखांना नेलपॉलिश नाही आणि यंत्रावरील नाडीचा आकडा मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळतो, एवढे पाहून घ्या. धुरात कोंडलेला रुग्ण आला, तर मात्र ऑक्सिमीटरवर विश्वास ठेवू नका, कारण कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनयुक्त वाटते.

राउंडच्या आधी रोज दोनच रुग्ण निवडा. पायथ्याशी उभे राहून मोजलेली गती, मानेचे स्नायू, एका दमात बोललेले शब्द आणि शुद्धीची अवस्था एवढे लिहा आणि "कालपेक्षा बरा", "तसाच" किंवा "वाईट" यांपैकी एक शब्द स्वतःच्या जबाबदारीवर लिहून मगच स्टेथोस्कोप कानाला लावा. एबीजीचा अहवाल आला की तो त्या शब्दाशी ताडून पाहा, आणि जेथे जुळत नसेल तेथे सरांना कारण विचारा.