उत्तर: मॅग्नेशियम फ्लेक्सचं स्वस्त पोतं घ्यावं का?

मॅग्नेशियम फ्लेक्स म्हणजे मॅग्नेशियम क्लोराईड या क्षाराच्या पापड्या, पाण्यात विरघळवून अंगाला लावतात. 'फॉर्म्युला एकच, मग औद्योगिक प्रतीचं 25 किलोचं पोतं घेतलं तर काय बिघडलं' हे काहींचं म्हणणं अर्धंच पटतं. क्षार तोच, पण मिठागरात मीठ काढून उरलेल्या कडू पाण्यातून निघणारा हा माल फरशीच्या कामाला, रस्त्यावरची धूळ बसवायलाही जातो. त्या पोत्यात शिसं, आर्सेनिक किती हे तपासलेलं असेलच असं नाही. अंगाला लावायचं तर लेबलवर 'आयपी' (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधी प्रत) किंवा निदान खाद्य प्रत लिहिलेली हवी. आणि 'हेक्झाहायड्रेट' (स्फटिकातच पाणी बांधलेला प्रकार) हा शब्द बघाच. निर्जल, म्हणजे हे बांधलेलं पाणी नसलेला, प्रकार पाण्यात टाकला की पाणी चांगलंच तापतं, घरी तो नकोच. हेक्झाहायड्रेटमध्ये मॅग्नेशियम जेमतेम 12 टक्के, निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच, हे किमतींची तुलना करताना लक्षात ठेवा.

'मॅग्नेशियम ऑइल' म्हणून छोट्या बाटलीत महाग विकतात त्यात तेलाचा थेंब नसतो, तो नुसता याच फ्लेक्सचा पाण्यातला घट्ट पाक. मी घरीच करते: अर्धी वाटी फ्लेक्स, अर्धी वाटी उकळून कोमट केलेलं पाणी. पहिल्यांदा वॅक्सिंगच्या दिवशीच पोटऱ्यांना चोळलं आणि इतकं झोंबलं की अक्षरशः नाचले! आता दुप्पट पाणी घालते, वीस मिनिटांनी धुऊन टाकते. जुलैत पाकिटाला नुसती क्लिप लावून ठेवली होती, आठवड्यात तळाशी चिकट पाणी. काचेची घट्ट झाकणाची बरणीच हवी. बाकी त्वचेतून मॅग्नेशियम शरीरात किती जातं याचे पुरावे फार तोकडे आहेत, त्यामुळे डॉक्टरांनी दिलेली मॅग्नेशियमची गोळी याच्या भरवशावर बंद करू नका.