मदत हवी आहे: नदीत सोडलेली बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) टिकवायची कशी? सॅमन माशांच्या पैदास केंद्रांचा अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा

नमस्कार मंडळी. मी वर्सोव्याला मत्स्यविज्ञान शिकते. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्याकडच्या एका गावातले लोक पावसाळा ओसरल्यावर वैतरणेत महासीर या नदीतल्या मोठ्या माशाची बोटुकली सोडणार आहेत आणि त्यांनी माझा सल्ला मागितलाय. तिळशाच्या देवळापाशी हे मासे लोकांनी श्रद्धेने राखलेत, त्यामुळे आस्था आहेच. मला काळजी आहे ती सोडल्यानंतरची.

आपल्याकडे बहुतेक वेळा पिशव्या रिकाम्या झाल्या, फोटो निघाले की संपलं. किती जगली, कोण मोजतंय? एका कार्यक्रमात मी काठावरच बसून होते. टाकीत वाढलेली ती पिल्लं खोल पाण्यात जाईचनात. माणसाची सावली पडली की खाणं येणार म्हणून उलट वर यायची. समोरच्या फांदीवर खंड्या बसलेला.

परदेशातली सॅमनची पैदास केंद्रं यात फार पुढे आहेत. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत परततो. समुद्राकडे निघायच्या वयात पिल्लाच्या नाकात जे पाणी मुरतं, त्याच पाण्याकडे ते मोठेपणी परततं. १९७०च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ हॅस्लर यांनी मिशिगन सरोवरातल्या सॅमनवर मॉर्फोलिन या रसायनाचा वास वापरून हे दाखवून दिलं. म्हणून बाहेरून आणलेली पिल्लं सोडण्याआधी काही आठवडे त्याच नदीचं पाणी खेळवलेल्या तळ्यात ठेवतात. पाठीवरचा शेपटीकडचा मांसल पर कापतात, नाकाडात मिलिमीटरभर लांबीची सांकेतिक तार घालतात. परतलेला मासा कुठल्या तुकडीतला ते त्यावरून कळतं. इतकं करूनही कित्येकदा शंभरातला एकसुद्धा परतत नाही. अमेरिकेतल्या हूड नदीतल्या स्टीलहेड या सॅमनच्या भाऊबंदावरचा २००७चा अभ्यास तर सांगतो की केंद्रात वाढलेल्या दर पिढीमागे नदीत वंश वाढवायची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते.

सोडायची पिल्लं वैतरणेतल्याच माशांची हवीत, यावर मी ठाम आहे. लोणावळ्याला वाढवलेली वेगळ्या जातीची महासीर कावेरीत सोडली गेली, आणि तिथली मूळची कुबडी महासीर आज अतिसंकटग्रस्त आहे. त्यामागचं एक कारण हेच मानतात.

सिएटल, पोर्टलंड, व्हँकुव्हरकडे कुणी अशा केंद्रात काम केलंय का? पिल्लं मोठी करून थोडी सोडावीत की लहान असताना जास्त? रात्री सोडल्याने खरंच फरक पडतो? महासीर समुद्रात जात नाही, पावसाळ्यात वरच्या अंगाला अंडी घालायला चढते. तिला वासाची ही सवय लावून उपयोग होईल? आणि तिला तो मांसल पर नसतोच, मग गावकऱ्यांना झेपेल अशी स्वस्त खूण कुठली?

गावची बैठक गणपतीनंतर आहे. त्याआधी कळलं तर तळ्याची जागा ठरवता येईल.