रंग नव्हे, डब्यावरचा नंबर बघा

गाडीतलं आधीचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) हिरवं होतं म्हणून पुन्हा हिरवंच भरा, हा सल्ला मला अजिबात पटत नाही. रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने घालते. एकीचं हिरवं जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं (सिलिकेट हे गंजरोधक रसायन असलेलं) असेल, तर दुसरीचं हिरवं ओएटी, म्हणजे सेंद्रिय आम्लांचं गंजरोधक असलेलं. गाडीच्या पुस्तिकेतला स्पेसिफिकेशन नंबर डब्यावर आहे का, तेवढंच बघा.

आणखी एक मुद्दा लक्षात घ्या. वॉटर पंप किंवा हेड गॅस्केट बदलल्यावर बरेचदा कूलिंग सिस्टीम पाण्याने फ्लश करतात, म्हणजे धुऊन काढतात. रेडिएटर रिकामा केला तरी इंजिन ब्लॉकमध्ये आणि हीटर कोअरमध्ये (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) बरंच पाणी उरतं. समजा एकूण ६ लिटर मावतं आणि २ लिटर पाणी आतच राहिलं, तर वर ४ लिटर तयार ५०:५० प्रीमिक्स (निम्मं कूलंट, निम्मं पाणी) ओतूनही कूलंटचं प्रमाण ३३ टक्क्यांवरच येतं. आपल्याकडे गोठण्याची भीती नसेल, पण गंजरोधक रसायनंही तितकीच पातळ होतात आणि ॲल्युमिनियमच्या हेडला ते बाधतं. अशा वेळी कॉन्सन्ट्रेटच (पाणी न मिसळलेलं कूलंट) घ्या: आधी ३ लिटर ते भरा, मग उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने. बोअरचं पाणी कृपा करून नको, रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतात.