जर्मनीहून मशीन आणलं, वाद झाला तर कायदा कुठला?

बीमवाला (इचलकरंजी): नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात जर्मनीहून सेक्शनल वार्पिंग मशीन आणलं, म्हणजे मागासाठी उभे धागे बीमवर (मोठ्या रुळावर) गुंडाळणारं. चालू केल्यावर चौथ्या दिवशी लक्षात आलं, बीमच्या डाव्या कडेला ताण कमी पडतोय. धागा सैल बसतो आणि मागावर गेला की सारखा तुटतो. कंपनी म्हणते, तुमच्या सुताचा दोष. घरात ४० वर्षं माग आहेत, सूत आम्हाला कळतं. सही केलेल्या ऑर्डर कन्फर्मेशनच्या मागे बारीक अक्षरात ‘जर्मन कायदा लागू’ असं आहे. पण भाव सीआयएफ (माल, विमा, भाडं धरून) न्हावा शेवा बंदरापर्यंतचा होता. मग आपला १९३० चा माल विक्री कायदा नाही का लागणार?

बेदाणा_तासगाव: सीआयएफवर जाऊ नका दादा. भाडं-विमा कुणाचा आणि जोखीम कुठं बदलते, एवढंच त्यातून ठरतं. रॉटरडॅमच्या एका व्यवहारात मीही हाच घोळ केला होता.

वकीलकाकू (मुंबई): बरोबर. दोघांनी कायदा निवडला असेल तर आधी तोच. निवडला नसता तरी जर्मन कोर्टाने युरोपच्या रोम-१ नियमाप्रमाणे विकणाऱ्याच्या देशाचाच कायदा धरला असता. आपली कोर्टं अशा वेळी व्यवहाराचा सगळ्यात जवळचा संबंध कुठल्या देशाशी, ते बघतात.

मेख पुढे आहे. देशादेशांतल्या माल विक्रीचा १९८० चा व्हिएन्ना करार आहे, त्यात भारत नाही, म्हणून तो आपल्याला लागतच नाही असं बरेच जण धरून चालतात. पण जर्मनी त्यात आहे आणि तिथे तो जर्मन कायद्याचाच भाग आहे. नुसतं ‘जर्मन कायदा’ लिहिलं की तो आलाच. दोष नेमका काय, हे वाजवी मुदतीत कळवलं नाही तर त्यात हक्क जातो. हा करार वगळल्याची ओळ आहे का, बघा.

बीमवाला: भिंग लावून वाचलं. वगळलाय.

वकीलकाकू: मग जर्मन व्यापारी संहितेचं कलम ३७७. ते आणखी कडक, विनाविलंब कळवावं लागतं. चौथ्या दिवशी काही पाठवलं होतंत?

बीमवाला: त्यांच्या इंजिनिअरला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ, आणि सैल धाग्याखाली बोट घालून काढलेला फोटो.

वकीलकाकू: ते मेसेज अजिबात डिलीट करू नका. आज रात्रीच तोच फोटो, मशीनचा नंबर आणि दोषाचं वर्णन कंपनीच्या ईमेलवर पाठवा. वाद कुठे चालवायचा, ते कलम वेगळं असतं. तेही टाका इथे.