मदत हवी आहे : दादासाहेब खापर्डे यांचे ‘कौन्सिल ऑफ स्टेट’मधील सदस्यत्व

अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे 1919 च्या कायद्याने स्थापन झालेल्या ‘कौन्सिल ऑफ स्टेट’चे, म्हणजे तत्कालीन केंद्रीय कायदेमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाचे, सदस्य होते. वऱ्हाड इंग्रजांकडे 1902 च्या करारान्वये कायमच्या भाडेपट्ट्याने असले, तरी कायद्याने ते निजामाचेच असल्यामुळे तेथे निवडणूक घेऊन विजयी उमेदवाराची सरकारतर्फे नियुक्ती केली जात असे. (कायद्याच्या काटेकोरपणाचा हा मासलेवाईक नमुनाच म्हणायचा.) तेव्हा चरित्रनोंदीत त्यांना निर्वाचित म्हणावे की नियुक्त? माझा कल ‘निर्वाचित’कडे आहे, परंतु त्यांच्या नियुक्तीची राजपत्रातील मूळ अधिसूचना कोणी पाहिली असल्यास तिचा दिनांक आणि नेमका मजकूर कृपया कळवावा.