चर्चा: दारूतला कडूपणा चाखायचा की मीठ-लिंबानं मारायचा?

झाडीपट्टीकर (साकोली)
आमच्याकडे पेला भरायच्या आधी मीठ, लिंबू आणि चकना समोर येतो. मग एका दमात घोट खाली, कारण कडू लागतं. मला हे पटत नाही. बिअर असो, वाइन असो की मोहाची, घोट तोंडात थोडा थांबवावा आणि कडूपणा कुठून आला ते शोधावं. मला तर पिण्यातली खरी गोडी त्यातच वाटते.

बिअरमध्ये तो येतो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांतून. ती फुलं धान्याच्या उकळत्या रसात तासभर शिजली की त्यांतली अल्फा आम्लं रूप बदलतात आणि कडू होऊन विरघळतात. तीच फुलं नंतर थंड बिअरमध्ये टाकली तर वास भरपूर येतो, कडूपणा फारसा नाही. रेड वाइनचं वेगळं आहे. तिला लोक कडू म्हणतात, पण बहुतेक वेळा ती तुरट असते. द्राक्षाच्या सालीतलं आणि बियांतलं टॅनिन हे तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं आणि तोंड कोरडं पडतं. फरक समजून घ्यायचा तर एक दिवस हिरड्याचा तुकडा चघळा आणि दुसऱ्या दिवशी काडेचिराईताचं पाणी घ्या. हिरड्यानं गाल आत ओढले जातात. चिराईत गिळल्यावरही कितीतरी वेळ घशाशी राहतं. युरोपातल्या कडू मद्यांत जेन्शनची मुळं घालतात, ती वनस्पती आपल्या काडेचिराईताच्याच कुळातली. म्हणजे ती चव आपल्याला परकी नाही. आजीनं तापात पाजलेलीच आहे.

वऱ्हाडी गडी (दर्यापूर)
भाऊ, मले नाई पटलं. कडू लागते त मीठ घ्याव, त्यात वाईट काय हाय? कारल्याले मीठ लावून पिळल्याबिगर आपल्या घरी भाजी होत नाई. मिठातलं सोडियम कडूपना दाबते, अन् तो दबला की मांगची गोडी वर येते. हे प्रयोगात दिसलेलं हाय. टॉनिक वॉटरमंधी कडू क्विनाइन असते, त्यात चिमूटभर मीठ टाकून पाहा. दिवसभर कपाशीत राबलेला मानूस संध्याकाळी बसते, त्याले परीक्षा काऊन द्यायले लावता?

झाडीपट्टीकर (साकोली)
मिठाचं शास्त्र बरोबर आहे, आणि म्हणूनच मी म्हणतो की आधी बिनमिठाचा घोट घ्या. इथल्या एका दुकानात मे महिन्यात बिअरची खोकी पत्र्याखाली तापत पडलेली असतात. उन्हाळा खाल्लेल्या बिअरमध्ये हॉप्सचा स्वच्छ कडूपणा कमी होतो, त्याच्या जागी जिभेवर घासणारी रुक्ष चव येते, सोबत ओल्या पुठ्ठ्याचा वास. राबलेल्या माणसानं कमावलेल्या पैशाला असला माल मिळावा आणि मीठ-लिंबामुळे त्याला ते कळूही नये, याचा मला राग आहे.

प्रयोगशाळेतली (अमरावती)
सगळ्यांना सारखंच कडू लागतं असं धरून तुम्ही बोलताय. तसं नसतं. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स नावाच्या रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत पीटीसी नावाची पूड उडाली. शेजारच्याला ती फार कडू लागली, फॉक्सला स्वतःला काहीच नाही. पुढं कळलं की हा फरक आनुवंशिक आहे. माणसात कडू ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राहक, म्हणजे चव पकडणारी प्रथिनं, असतात आणि ते प्रत्येकात थोडे वेगळे निघतात. ज्याला बिअर असह्य कडू लागते तो अडाणी नाही, त्याची जीभ तशी आहे. आणि कडू फक्त जिभेच्या मागच्या भागाला कळतं, हा शाळेत शिकवलेला नकाशाही चुकीचा आहे. ती चव सगळ्या जिभेवर कळते.

मोहवाला (देवरी)
जी, हॉप्सचं मला माहीत नाही. मोहाचं सांगतो. कडू द्रव्यं बहुतेक जड असतात, वाफेबरोबर वर चढत नाहीत. भट्टीत काडेचिराईत टाकलं तरी उतरलेल्या धारेत त्याचा कडूपणा येणार नाही, तो हवा असेल तर नंतर भिजवावं लागतं. म्हणून मोहाची कडूजार लागली तर मी आधी विचारीन की फूल तळाला करपलं का, शेवटची धार उगाच लांबवली का. पहिल्या धारेची घशात चावते, तो चटका आहे, कडूपणा नव्हे. चांगल्या मोहाच्या दारूत फुलाचा वास पुढं असतो. आमच्यात आधी पेनाला, म्हणजे आमच्या देवाला, थेंब शिंपडतात, मगच माणसं घेतात. तिच्यात कडूपणा शोधत बसणं म्हणजे चुकीच्या ठिकाणी खणणं.

बचत गटाची ताई (कुरखेडा)
दादा, तुमचा हेतू वाईट नसेल, पण मला या धाग्याची भीती वाटते. आमचा गडचिरोली जिल्हा १९९३ पासून दारूबंदीचा आहे आणि ती बंदी लोकांनी आंदोलन करून मिळवली. तरी चोरून दारू येतेच, आणि त्यात काय मिसळलंय ते कोणालाच ठाऊक नसतं. मेथॅनॉल जिभेला वेगळं कळत नाही. त्यानं डोळे जातात, माणूस जातो. उद्या एखादा पोरगा तुमचं वाचून म्हणेल, ‘मी चाखून बघितली, कडू नाही, चांगली आहे.’ दारू स्वतःच कडू असते. पहिल्या घोटाला लहान पोर तोंड वाकडं करतं, ते शरीर बोलत असतं. ते ऐकायचं सोडून त्याची गोडी लावून घ्यायला तुम्ही सांगता.

झाडीपट्टीकर (साकोली)
ताई, मेथॅनॉलबद्दल तुमचा शब्द न् शब्द खरा आहे. चाखून दारू सुरक्षित आहे की नाही हे कोणालाही, कधीही ठरवता येत नाही. पण शरीर बोलतं हे पूर्ण खरं नाही. चिराईत कडू असून औषध म्हणून घेतात, आणि मेथॅनॉलसारखं विष कडूपणानं सावध करत नाही. कडूपणा म्हणजे धोका आणि गोडी म्हणजे भरवसा, हे गणित मोडायलाच हवं. गोड चवीखाली काहीही खपतं.

बचत गटाची ताई (कुरखेडा)
मग ते पहिल्याच ओळीत ठळक लिहा. आणि मोहाचं नाव काढून टाका. दुकानातल्या सीलबंद बाटलीपुरतं बोला.

झाडीपट्टीकर (साकोली)
मेथॅनॉलचं वर लिहितो. मोह काढणार नाही. देवरीचे भाऊ जे बोलले ते शहरातल्या कुठल्याही चाखणाऱ्याला येत नाही, आणि ते वगळून फक्त बाटलीबद्दल बोललो तर या चर्चेत आपल्या भागाचं काय राहिलं?

वऱ्हाडी गडी (दर्यापूर)
ताईचं पटलं मले. मिठाचं मात्र मी सोडत नाई.